एकशे सत्तावीसच्या पुढचं पाणी

रिसोडकडे जाणारी एसटी मालेगावच्या स्टँडवरून सुटली तेव्हा वैजयंतीच्या मांडीवर एक डबी होती, आणि त्या डबीला दोन डोळे होते.

खरेखुरे डोळे नव्हेत. पण दिसायला अगदी घुबडाच्या पिल्लासारखे. गोल, चकचकीत, समोरच्यावर रोखलेले. समोर जे येईल ते किती सेंटिमीटरवर आहे हे ती डबी मोजायची आणि कपाळावरच्या काचेत लाल आकड्यात दाखवायची. वैजयंती केनवडची. वाशीमच्या कॉलेजात संगणक शिकत होती, शेवटच्या वर्षाला. डबी तिनं स्वतः जोडली होती, आतला प्रोग्राम सी भाषेत स्वतः लिहिला होता, आणि ही डबी विहिरीवर टांगली की पाणी किती खाली गेलं ते घरबसल्या कळेल, पाणी फार उतरलं तर मोटार आपोआप बंद पडेल, असा तिचा दावा होता. फक्त विहीर मिळत नव्हती. मेडशीच्या मामानंसुद्धा "माह्या विहिरीत घुबड नको" म्हणून तिला चहा पाजून परत पाठवलं होतं.

गाडी हलली तसा एक तरुण भाजीची रिकामी कॅरेटं घेऊन चढला. जागा नव्हती. त्यानं वाटेतच कॅरेटं रचली, त्यांच्यावर बसला आणि डबीकडे वाकून बघायला लागला. काचेतला आकडा भराभर उतरला. सत्तर... पन्नास... तीस...

"हे काय पाहून राह्यलं माह्याकडं?"

"अंतर मोजून राह्यलं."

"किती भरलं?"

"तीस."

तो आणखी वाकला. "आता?"

"बावीस. जरा मागं सरका ना, भाऊ."

"भाऊ नका म्हनू, मॅडम. त्यानं अंतर एकदम वाढते."

मागच्या सीटवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वैजयंतीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं. तुरीच्या काड्या आणि ऊन. तरी तिनं शिरपूर येईपर्यंत तेच पाहिलं, आणि डबीचं तोंड मात्र त्याच्याकडून फिरवलं नाही.

त्याचं नाव देवमन. शिरपूरच्या बाहेर ओढ्याच्या अंगाला त्यांची वांगी, मेथी, दोडकी होती, आणि एक विहीर होती. उतरताना तो म्हणाला, "आमच्या विहिरीवर बसवा तुमचं घुबड. आमची विहीर कोनाले भीत नाही."

पुढच्या रविवारी वैजयंती शिरपूरला पोचली.

देवमनचे वडील शालिकराम बांधावर बसून काडीनं दात कोरत होते. आई हौसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. देवमननं विहिरीच्या तोंडावर आडवा लोखंडी अँगल टाकून ठेवला होता. डबी त्याला अडकवायची, डोळे खाली. आकडे दाखवणारी काच वायरीनं बांधावरच्या लिंबाला. सगळं सोपं. फक्त एक प्रश्न विचारायचा होता, आणि वैजयंतीनं तो विचारला.

"काकाजी, उन्हायात पानी जास्तीत जास्त किती खाली जाते?"

मेथीची जुडी बांधता बांधता हौसाबाईचा हात थांबला. दात कोरता कोरता शालिकरामची काडी थांबली. ओढ्याच्या त्या अंगाला भाजीवाल्यांची जेवढी घरं आहेत, त्या सगळ्यांत एक रीत आहे. विहिरीच्या काठावर उभं राहून विहीर आटते असं म्हणायचं नाही. विहिरीला कान असतात. नव्या सुनेला चूल दाखवायच्या आधी हे सांगतात. तळ उघडा पडला, बादली दगडावर वाजली, तरी परक्या माणसाला सांगायचं, भरली हाय.

"आमची विहीर?" शालिकराम विहिरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "छातीभर खाली गेली तं गेली. त्याच्या खाली माह्या बापानं बी पाह्यली नाही."

देवमन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

आता सी भाषेत आकडा ठेवायला डबे असतात, लहानमोठे. सगळ्यात लहान डब्याला कॅर म्हणतात. त्यात खाली उणे एकशे अठ्ठावीस आणि वर एकशे सत्तावीस, एवढंच मावतं. छातीभर पाण्याला पिंप कशाला, म्हणून वैजयंतीनं तोच लहान डबा घेतला होता. आकडा एकशे वीसच्या पुढं गेला की मोटार बंद, हा हुकूम. डबीनं दर अर्ध्या तासाला डोळे उघडायचे, मोजायचं, पुन्हा मिटायचे.

"अन् पानी एकशे सत्तावीसच्या पुढं गेलं तं?" देवमननं लिंबाला लावलेली शिडी धरली होती. आवाज बारीक होता.

"जातच नाही म्हनले ना काकाजी."

"पन गेलं तं?"

"मंग चकवा लागते." ती शिडीवरून खाली बघत म्हणाली. "रानात चकवा लागला की मानूस शिवेच्या दगडापाशी जाते, एक पाऊल पुढं टाकते, अन् गावाच्या दुसऱ्याच टोकाले निंघते. तसं. एकशे सत्तावीसच्या पुढं एक पाऊल, की सिद्धं उणे एकशे अठ्ठावीस. पार वरून पार खाली."

"मोठा डबा नाही भेटत का?"

"भेटते. इंट म्हनतात. या चिपवर तो बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत जाते. त्याच्याहून मोठे हायेत. सगळ्यात मोठा एकोनीस आकडी. पन शेवट सगळ्याइले हाय, अन् शेवटाच्या पल्याड हाच चकवा."

"मानसाचं बी असंच असंल," देवमन म्हणाला.

"काय?"

"काही नाही. शिडी हालून राह्यली, उतरा."

शिडी मुळीच हलत नव्हती.

त्यानंतर रोज फोन. आज पन्नास. आज साठ. ऊन चढत होतं, पाणी उतरत होतं, आकडा वाढत होता.

"आकडा सांगाले दिवसातून एकदा फोन केला तं पुरते," वैजयंती एकदा म्हणाली.

"तुमचं घुबड अर्ध्या अर्ध्या तासाले डोये उघडते. त्या हिशोबानं मी तं कमीच करून राह्यलो."

"तुमचं नको म्हनू."

"मंग काय म्हनू?"

"...आपलं म्हन."



मग वैशाख लागला. एका भर दुपारी डबीनं डोळे मिटले तेव्हा काचेत एकशे अठरा होते. अजून मोटार बंद करायची वेळ नव्हती. अर्ध्या तासानं डोळे उघडले, तोवर पाणी शिवेचा दगड ओलांडून गेलेलं होतं.

"वैजयंती..." देवमनचा फोन आला. "काच म्हनते, उणे एकशे अठ्ठावीस."

तिचे कान तापले. चूक तिची होती. "ते... ते खोटं हाय. ती म्हनते पानी काठाच्या वर मानसाच्या गयाइतकं उभं हाय. अन् उणे आकडा एकशे वीसहून लहान, म्हनून मोटार बी बंद होनार नाही. मी येऊन बदलते."

"खोटं नाही," तो हळूच म्हणाला. "आमचा गोऱ्हा पोहून राह्यला."

तुम्ही हसाल. वैजयंतीही हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर उभी राहिली तेव्हा मात्र तिचं हसू ओठांवरच वाळलं.

पाणी दिसत नव्हतं. ऊन तसंच पांढरं, माती तशीच भेगाळलेली. पण वांग्यांची सगळी पानं एकाच अंगाला झुकून, संथ, आपोआप हलत होती. वारा तर कुठंच नव्हता. झेंडूच्या पाकळ्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर हवेत पसरून तरंगत होत्या. गोऱ्हा मान वर काढून, चारी पाय जमिनीला न लावता, मेथीवरून शांतपणे पोहत चालला होता. आणि आवाज नव्हता. कावळा नाही, होला नाही. कान बुडाल्यावर जशी शांतता होते तशी शांतता त्या मळ्यावर उभी होती, आणि त्या शांततेत फक्त मोटार चालली होती.

मधोमध देवमन उभा होता, हनुवटीपर्यंत त्या नसलेल्या पाण्यात. त्याचे केस वर उठून मंद मंद डोलत होते. तो बोलला. ओठ आधी हलले. शब्द मागून, रेंगाळत आले.

"ये ना आत."

"मले पोहता येत नाही."

"मलेबी नाही. आपन चालू."

"कपडे भिजतीन."

"भिजत नाहीत..." तो हसला. "तेच तं खराब हाय."

तिनं बांधावरूनच हात पुढं केला. मनगटापर्यंत गार. बांगड्या हलक्या होऊन कोपराकडे तरंगायला लागल्या. तो चालत आला. हळू, लयीत, जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखा. त्यानं तिची बोटं धरली. त्याचा हात रांजणाच्या बुडासारखा थंड होता. तिनं काढून घ्यायला हवा होता. नाही घेतला.

"माह्यावाल्या डब्यात मावलं नाही म्हनून हे झालं," ती पुटपुटली. "मले बदलू दे."

"हात लावशीन तं पाह्य!" शालिकराम बांधावरून ओरडले. त्यांच्या हातात एक वांगं होतं. जांभळं, टच्च, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं. "हे पाह्यलं काय? विहिरीनं ऐकलं माह्यं. भरली म्हनलो, भरली! राहू दे तसंच."

आणि वैजयंतीनं राहू दिलं. परीक्षा तोंडावर होती हे खरं. पण लहान डबा घेतला हे सगळ्यांदेखत कबूल करायची लाज वाटली, हेही खरं. निघताना तिनं एकदाच वळून पाहिलं. ऊन कललं होतं. सगळ्यांच्या सावल्या उगवतीकडे पडल्या होत्या. देवमनची तेवढी मावळतीकडे, सूर्याच्याच दिशेनं, लांब पडलेली. पाण्यात असं होत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाण्यात असं होत नाही.

मग फोनवरचं बोलणं बदललं.

"रविवारी येऊ का?" तिनं विचारलं.

"नको. बिलकुल येऊ नको."

"...बरा हायेस ना?"

"लय वाईट."

"देवमन, तुले माही आठवन येते का?"

"कधीच नाही. तू मले कधी आवडलीच नाही, वैजयंती. बसमध्ये पाह्यलं तवापासून तं अजिबातच नाही."

हे तो किती मऊ आवाजात बोलला, त्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. अशा वेळी कोणाचं जातं? तिनं फोन बंद केला, उशी ओली केली आणि सुजलेले डोळे घेऊन पेपर दिला.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी कॉलेजच्या आवारात तिचा फोन वाजला. हौसाबाई होती.

"पोरी, तू काहून येत नाही वं?"

"देवमननं नको म्हनलं, काकू."

"अवं, तो भाकरीले बी नको म्हनते अन् चार खाऊन उठते! ऊन हाय म्हनलं की घोंगडं पांघरते. इकडं ये म्हनलं की तिकडं जाते. त्याचे पाय मातीत रुतत नाहीत, माय... वर उमटतात. जिथं पाय ठेवला तिथं मातीचा फुगा." हौसाबाईचा आवाज फाटला. "अन् आता पानी उतरून राह्यलं. गयाचं कमरेले आलं, कमरेचं गुडघ्याले. जसं जसं उतरून राह्यलं तसा तसा पोरगा पातय होऊन राह्यला. काल त्याच्या पाठीतून मले वांग्याचं झाड दिसलं."

वैजयंतीनं मनातल्या मनात हिशोब मांडला.

चकव्यातला आकडा एका जागी थांबत नाही. मोटार चालूच होती, खरं पाणी आणखी खाली जात होतं, त्यामुळे काचेतला आकडा उणे एकशे अठ्ठावीसवरून हळूहळू शून्याकडे चढत होता. तितकंच ते वरचं पाणी ओसरत होतं. आईबाप बांधावरच थांबत; इतके दिवस त्यात वावरलेला देवमन मात्र स्वतःच उणे झाला होता. शून्य आलं की उणे काहीच उरत नाही... त्याचंही काही उरणार नव्हतं.

आणि मग, एवढ्या भीतीतसुद्धा, तिला दुसरी गोष्ट समजली. कधीच नाही. अजिबात नाही. तिचे सुजलेले डोळे मोठे झाले. तिनं लॅपटॉप उचलला आणि सुटत असलेल्या गाडीच्या मागं धावली.

ती पोचली तेव्हा ऊन अजून माथ्यावर होतं. काचेत उणे नऊ. वरचं पाणी आता घोट्याएवढंच होतं. बांधावर हौसाबाई हंबरून हाका मारत होती, "ये रे बापू, बाहेर ये रे!" आणि तिच्या प्रत्येक हाकेसरशी देवमन एकेक पाऊल आत, विहिरीकडे जात होता. पाण्यात भिजलेल्या कागदाइतका पातळ उरला होता तो. त्याच्या छातीतून पलीकडची दोडक्याची वेल दिसत होती, फुलांसकट.

"काकू, हाक मारू नका," वैजयंती म्हणाली. तिनं श्वास घेतला आणि सगळा जोर लावून ओरडली, "जाय! माह्यासमोर येऊ नको! तोंड बी पाह्यचं नाही मले तुह्यं!"

देवमन वळला. त्याच्या पारदर्शक चेहऱ्यावर असं हसू फुटलं की हौसाबाईनं पदर तोंडात कोंबला. तो धावत आला, बांधापर्यंत. बांधावर पाय ठेवला, आणि कोरड्या मातीवर तो पाय दिसेनासाच झाला. त्यानं घाबरून पाय मागं घेतला. तेव्हा पाय परत आला, पण पहिल्याहून फिका.

बाहेर येणं नव्हतं. आत राहणं नव्हतं. डबी डोळे मिटून बसली होती. पुढच्या वेळी उघडेल तेव्हा काय दिसेल, ते वैजयंतीला ठाऊक होतं.

ती लॅपटॉप डोक्यावर धरून आत उतरली.

घोट्यांना गार वेढा पडला. जगाचा आवाज बंद झाला. विहिरीच्या काठाला अँगल टेकला होता, पण डबी मधोमध, खोल पोकळीवर टांगलेली. तिला वायर लावायची तर पार ओणवं व्हावं लागत होतं. खाली अंधार होता, आणि अंधाराच्या तळाशी चिखलाचा वास.

"देवमन," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. जीभ सांभाळायला हवी होती. एक शब्द सुलटा निघाला असता तर ती खाली गेली असती. "हात सोड माहा. सोड. घट्ट... नाही, बिलकुल धरू नको."

थंडगार बोटांनी तिचं मनगट आवळलं. इतकं, की बांगडी पिचली.

"पार सोड," ती विहिरीवर झुकत पुटपुटली. त्यानं दुसरा हातही लावला.

वायर बसली. प्रोग्राम उघडला. तिनं कॅर खोडून इंट केलं. एका शब्दाचं काम. आता फक्त मोटार कुठं थांबवायची तो खरा आकडा हवा होता.

"काकाजी!" ती बांधाकडे वळून ओरडली. "विहीर किती खाली जाते? खोटं सांगा! लवकर खोटं सांगा!"

आपल्या तोंडून काय गेलं ते ऐकून तिनं जीभ चावली. पाणी तिच्यातही शिरलं होतं.

शालिकराम गोंधळून उभे. खोटं तर त्यांनी आधीच सांगितलेलं होतं. "छातीभर..." ते चाचरत म्हणाले.

"हो हो, हेच बरोबर हाय!" वैजयंती रडकुंडीला येऊन ओरडली.

"अहो, पोरगी उलटी बोलून राह्यली, दिसत नाही काय तुमाले?" हौसाबाईनं नवऱ्याचा दंड धरून त्याला हलवलं. "खरं इचारून राह्यली ती! सांगा ना जी! विहिरीचे कान धरून बसलात, अन् पोरगा चालला ना आपला!"

शालिकरामांनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या आरपार विहीर दिसत होती. ते बांधाच्या कडेपर्यंत आले, टोपी काढली, आणि मुलाला नव्हे, सुनेला नव्हे (ती अजून झालीही नव्हती), थेट विहिरीला म्हणाले,

"दीड पुरुष. दीड मानूस खाली गेलं की नुसता चिखल हाय, गाय. दर वैशाखात आटतेस तू. माह्या बापाच्या वेळेपासून आटतेस. आमी गाय बी काढला नाही कधी, काहून का गाय काढाचा म्हनजे आटते हे बोलाव लागते."

विहिरीतून आवाज आला. हुं, असा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट आधीच ठाऊक असावी, तसा.

वैजयंतीनं दीड पुरुषाचे दोनशे चाळीस लिहिले आणि बटण दाबलं. डबीनं खाडकन डोळे उघडले.

काचेत दोनशे सत्तेचाळीस. मोटार एकदा खोकली आणि बंद पडली.

आणि घोट्याभोवतीचं ते गार गळून गेलं. झेंडूची शेवटची पाकळी टपकन जमिनीवर पडली. एकदम कावळे ओरडले, होला घुमला, रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. इतके दिवस अडून राहिलेला सगळा गलका मळ्यात घुसला. देवमनची सावली मांजरीनं अंग मोडावं तशी लांबली, वळली, आणि त्याच्या पायाशी मुकाट बसली. त्याच्या छातीतून आता दोडकी दिसत नव्हती. मळकं बनियन दिसत होतं. हौसाबाई त्याला चाचपून चाचपून रडत होती आणि तो "अवं माय, भूक लागली मले," म्हणत होता. लागली म्हणत होता, लागली!

शालिकराम टोपी हातात तशीच धरून गाळ काढायला माणसं बोलवायला गावात गेले. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, आमची विहीर आटली. ऐकणारे आधी दचकले, आणि मग एकेक जण हळूच म्हणू लागला, आमची बी.

लिंबाखाली दोघंच उरली.

"त्या पान्यात मी काय काय बोललो तुले?" देवमननं विचारलं. "धुकं धुकं आठवते."

आपली जीभ अजून आपली आहे की नाही, याची वैजयंतीला खात्री नव्हती.

"वैजयंती, मी... आता सुलट्या तोंडानं बोलतो. मले तू आवडतेस. बसमध्ये पाह्यलं तवापासून. माह्या डब्यात मावत नाही इतकी." तो एक पाऊल जवळ आला. "तुले मी आवडतो काय?"

तिला हो म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"अजिबात नाही," तोंडानं सांगितलं.

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. देवमनचा चेहरा पडला... मग त्याची नजर जमिनीवर गेली. ऊन कललं होतं. वैजयंतीची सावली मावळतीकडे, सूर्याकडे तोंड करून पसरली होती. तो हसायला लागला. हसता हसता लिंबाच्या बुडाशी बसला.

"बस. उतरू दे. मले घाई नाही."

त्यानं तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"गूळ कसा लागते?"

"कडू."

"केनवडची हायेस ना तू?"

"नाही."

"शिरपूरले परत येशीन?"

"जन्मात नाही!" असं म्हणून ती स्वतःच हसू लागली, आणि तो तिच्याहून जास्त. हौसाबाई मळ्यातल्या घरातून ओरडली की ही काय भांडायची वेळ आहे, आधी जेवा. ती जेवली, नको नको म्हणत दोन भाकरी. मग पुन्हा लिंबाखाली. केनवडची गाडी आली आणि गेली. ओढ्याकडून वारा सुटला.

"गूळ?"

"...गोड."

देवमन सावरून बसला. "मंग... मी आवडतो काय तुले?"

वैजयंतीनं त्याच्याकडे पाहिलं. मग लिंबाच्या शेंड्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं चटकन जमिनीवर पाहिलं. सावली सरळ होती. उगवतीकडे, जिथं पडायला हवी तिथंच, शहाण्या पोरीसारखी पडलेली. त्याच्या तोंडचा रंगच उडाला. क्षणभर तो पुन्हा पातळ झाल्यासारखा दिसला.

"...खरंच नाही?"

तिनं त्याला पुरतं छळून घेतलं. मग ओठ दाबत, गालातल्या गालात, पिचलेल्या बांगडीचा हात त्याच्यापुढं केला.

"धर," ती म्हणाली.

इतके दिवस जगाचं सगळं उलटं ऐकलेला तो बिचारा, धरावं की सोडावं या विचारात घटकाभर नुसता त्या हाताकडे बघत राहिला. आणि मग त्यानं तो धरला.